नावं ठेवणारी

मी पोटासाठी नावं ठेवते.
हे ऐकून मिरजेच्या मावश्या हसतात:
त्यात काय एवढं, आम्ही फुकट ठेवतो.

ग्लासगोत, कालव्याकाठच्या जुन्या गोदामात,
हीटर खोकतो त्या तिसऱ्या मजल्यावर
मी, मोराग आणि तिचा चेलो.
सिनेमा दुसरेच लोक करतात.
आमची फक्त पहिली एकशे दहा सेकंदं.
प्रेक्षक अंधारात खुर्ची चाचपडतोय,
ओला कोट कुठे ठेवावा कळत नाहीये,
तेवढ्यात त्याच्या अंगात हवामान शिरलं पाहिजे.

या खेपेला गोष्ट एका मासेमारी बोटीची.
फाइफच्या किनाऱ्यावरून गेली. आली नाही.
आधी सात खलाशांची नावं, मग नटांची.
दिग्दर्शकाला हवी होती जाड, काळी, छातीठोक अक्षरं
आणि खाली ढोल.
म्हटलं, करून बघू.
करून बघितलं. पहिल्याच नावाला बोट बुडाली.
(आमच्याकडे नाव म्हणजे होडीसुद्धा,
हे मी तिथे कुणाला सांगत बसले नाही.)

इथली अक्षरं जमिनीवर उभी असतात,
बसथांब्यावरच्या माणसांसारखी, अंतर राखून.
आपली शिरोरेषेला लटकतात,
दोरीवरच्या ओल्या कपड्यांसारखी, बाहीला बाही लागलेली.
वीस वर्षं मी त्या एकट्यांमधली अंतरं मोजतेय.
डेव्ही मूडी या नावात ए आणि व्ही शेजारी येतात,
मधे खिंड पडते.
त्यांना समजूत घालून जवळ आणावं लागतं,
भांडलेल्या जावांसारखं.

मिरजेत आमच्या भिंतीपलीकडे तंबोरे व्हायचे.
दस्तगीरचाचा घोडीवर तारेखाली सूत सरकवायचे,
केसभर पुढे, केसभर मागे,
आणि मुका सूर एकाएकी उघडायचा.
त्या सुताला जीव म्हणतात.
मी भिंतीला कान लावून अभ्यास करायचे.
गणितात नापास झाले, ते वेगळं.

मोरागने ढोल पुसला.
एकच खालचा सूर धरला,
गज इतका सावकाश की तारेची खरखर आधी ऐकू यावी.
मी पडद्यावर एक बारीक करडी रेघ ओढली: क्षितिज.
तिच्यावर सात नावं उभी केली, सडपातळ,
सकाळी धक्क्यावर उभी असतील तशी.
मग ती रेघ वर सरकवू लागले.
पावलांवरून, कमरेवरून, खांद्यांवरून,
अक्षरांच्या डोक्यापर्यंत.
आणि तिथे थांबवली.

सातही जण रेघेला लटकले.
रोमन अक्षरांना शिरोरेषा आली होती.
खाली सगळं पाणी.

दिग्दर्शक काही बोलला नाही. चहा गार केला.

पहिला खेळ त्या गावच्याच हॉलमध्ये लावला,
घडीच्या खुर्च्या, मागच्या बाजूला सूप.
नावं वर येताना कुणी खोकलंही नाही.
मला, खरं सांगते, अभिमान वाटला.

नंतर एफी मूडी आली. शहाऐंशीची, काठी टेकत.
अक्षरं बारीक आहेत, म्हणाली, माझ्या चष्म्यात बसत नाहीत.
आणि इतकं शांत कशाला?
डेव्हीला शांतता सोसायची नाही.
बोटीवर शिट्टी मारू नये, वारा जागा होतो,
सगळं गाव सांगायचं.
हा मारायचा.

नावं ठेवली तिने. रीतसर.
प्रिंट पक्की झाली होती.
आता काही हलणार नव्हतं, केसभरसुद्धा.

परतीच्या बसमध्ये आम्ही तिघंचौघंच.
खिडकीबाहेर समुद्र, की नुसता काळोख, कळेना.
मोराग ओठ गोल करून
हलकेच शिट्टी वाजवू लागली, दोनच सूर, खालून वर.
ड्रायव्हरने आरशातून तिच्याकडे रोखून पाहिलं.
इकडचाच असावा.